साडेतीननंतरचं हावन

हानुसने आयुष्यात पाठांतर केलं होतं ते शाळेत, आणि तेही कधी धडपणे जमलं नव्हतं. पण ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी सकाळी क्लाक्सविकहून सुटलेल्या बसमध्ये एकसष्ट वर्षांचा हा गडी ओठ हलवत एकच वाक्य घोकत बसला होता. "सुन्नेवा, मला हावन फार आवडलं. इथे माझं मन रमेल." शेजारच्या बाईंना वाटलं, बिचारा प्रार्थना म्हणतोय. त्यांनी आदराने आपली पिशवी सीटवरून उचलून मांडीवर घेतली.

वाक्य खोटं होतं, हे त्याला ठाऊक होतं. शहर अजून बघायचंच होतं, त्याआधीच ते आवडलेलं होतं, म्हणजे खोटंच की. तसा तो तोर्सहावनला, म्हणजे सगळे ज्याला नुसतं हावन म्हणतात त्या राजधानीला, कधी आलाच नव्हता असं नाही. जुलैअखेरच्या सणाला सगळा देशच तिथे लोटतो, तसा तोही जायचा. पण सणाला हावन कुठे दिसतं? माणसंच दिसतात. दोन वर्षांपूर्वीच्या सणात बंदरावर एका बाईची छत्री वाऱ्याने उडाली, हानुस तिच्यामागे अर्धं बंदर धावला, आणि परत आणून देताना म्हणाला, "या देशात छत्री घेऊन फिरणारी माणसं असतात, हे मला माहीत नव्हतं." बाई रागावली नाही. खो खो हसली. ती सुन्नेवा.

सुन्नेवा अठ्ठावन्नची, बंदराजवळच्या एका बेकरीत काम करणारी, नवरा जाऊन पाच वर्षं झालेली. हानुस स्वीनोय बेटावरचा मेंढपाळ, बायको जाऊन सात वर्षं झालेली. स्वीनोयवर माणसं तीस आणि मेंढ्या त्याच्या कितीतरी पट. तिथे संध्याकाळी बातम्या संपल्या की बोलायला मेंढ्याच उरतात. त्या सणानंतर हानुसला मात्र टेलिफोन उरला. रोज रात्री बातम्या संपल्या की तो घंटी वाजवायचा आणि सुन्नेवा म्हणायची, "बोल, काय म्हणतात तुझी जनावरं?" दोन वर्षं असंच चाललं. शेवटी ऑगस्टमध्ये त्याने धीर करून विषय काढला, की अशी फोनवर किती वर्षं काढायची?

सुन्नेवाने आधी त्याला पुन्हा एकदा तेच म्हणायला लावलं. मग म्हणाली, "हानुस, मी स्वीनोयला राहू शकत नाही. तीस माणसांत माझा जीव गुदमरेल. यायचं तर तुलाच हावनला यावं लागेल."

"मग येतो की."

"थांब. असा एका दमात येतो म्हणू नकोस. माझा नवरापण असाच म्हणाला होता. दक्षिणेकडच्या बेटावरून माझ्यासाठी इथे आला. आवडतं ना रे, म्हणून मी विचारायची, तो म्हणायचा, आवडतं. बावीस वर्षं आवडतं म्हणाला, आणि बावीस वर्षं जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून बसला. मला पुन्हा तसा माणूस घरात नको."

"मग काय करू म्हणतेस?"

"एक दिवस ये. एकटा हिंड. मी कामावर असेन, तुझ्या मागेपुढे नाचणार नाही. चार वाजता घरी ये आणि खरं काय ते सांग. आवडलं नाही तर नाही म्हण. मग आपण फोनवरच बरे. पण गोड बोललास ना, तर मला कळतं."

आता सांगा, असल्या परीक्षेला माणसाने काय करावं? खरं बोलावं तर बाई हातची जाते. खोटं बोलावं तर भिंतीकडे तोंड करून बसायची तयारी ठेवावी. हानुसने महिनाभर डोकं खाजवलं आणि भिंत पत्करली. सुन्नेवाच्या घरातली भिंतसुद्धा चालेल, असं त्याचं मत झालं होतं. म्हणून ते पाठांतर. आदल्या रात्री तो क्लाक्सविकला आपल्या बहिणीकडे, मालानकडे, मुक्कामाला आला होता. संध्याकाळी सातच्या बसने पुन्हा तिच्याकडेच परतायचं होतं.

नऊ वाजता बसमधून उतरला तेव्हा वारा बरा होता आणि पाऊस येऊन जाऊन होता, म्हणजे हवा छान होती. अंगात पांढरा शर्ट, वर बायकोने विणलेला चांगला स्वेटर, कमरेला सुरी. सुरी काही कुणाला भोसकायला नव्हती. पँट घातली की पट्टा येतो आणि पट्टा आला की सुरी येते.

पहिला खटका सिग्नलपाशी उडाला. दिवा लाल होता, रस्त्यावर एकही गाडी नव्हती आणि पलीकडे एक गृहस्थ मुकाट उभे होते. हानुस मधोमध जाऊन त्यांना म्हणाला, "कुणाची वाट बघताय?"

"दिव्याची," ते गृहस्थ म्हणाले.

"तो काय करणार आहे?"

"हिरवा होणार आहे."

"आणि नाही झाला तर?"

गृहस्थांनी पुन्हा एकदा दिव्याकडे बघून घेतलं. तेवढ्यात एक गाडी आली, चालवणाऱ्या बाईने काच खाली करून हानुसला "काका, मेंढीसारखे मध्ये काय उभे राहता!" असं सुनावलं, आणि हानुसने "मेंढी रस्त्यावर उभी राहिली तर तिला कारण असतं" असं उलट सुनावलं. हे सगळं दोन मिनिटांत आटपलं, पण हावनात दोन मिनिटं पुष्कळ होतात.

मग त्याने शहर बघायला घेतलं. कर्तव्य म्हणून घेतलं, ते एखादं आजारी जनावर तपासावं तसं. दिसेल त्याला नमस्कार करायचा, ही स्वीनोयची रीत. तिथे ती परवडते, दिवसाला बारापंधरा नमस्कारांत भागतं. इथे तिसऱ्या रस्त्यापर्यंत त्याची मान दुखायला लागली. बरं, न करावा तर उद्धट दिसतं. शेवटी तो जमिनीकडे बघून चालू लागला, आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. माणसांना चुकवत चालायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती.

बागेत गेला. बागेत झाडं होती. स्वीनोयवर झाड नाही, त्यामुळे त्याला झाडांचं कौतुक असेल असं तुम्हाला वाटेल. पण दहा मिनिटं त्या झाडीत हिंडल्यावर त्याचा जीव कासावीस झाला. समुद्र दिसेना. वारा कुठून येतोय कळेना. मेंढ्या आत येऊ नयेत म्हणून सगळ्या बागेला कुंपण होतं, ते तर त्याला स्वतःचाच अपमान वाटलं. बाकावर बसलेल्या एका आजोबांना त्याने विचारलं, "ही कापत का नाहीत?" आजोबा म्हणाले, "लोकांना आवडतात." हानुसने मान हलवली. लोकांना काय आवडेल ते सांगता येत नाही.

सरकारी कचेऱ्या आहेत त्या टोकावर गेला. तिथली लाल घरं मात्र त्याला पसंत पडली. पण एका छपरावरचं गवत कडेला सुटलेलं त्याच्या नजरेत भरलं आणि तो तिथेच खिळला. बॅग घेऊन बाहेर पडणाऱ्या एका साहेबाला त्याने धरलं. "हे बघा, इथून पाणी आत जाणार. दोन हिवाळे काढेल, तिसऱ्याला तुमच्या कागदांवर गळेल. एक शिडी द्या, मी तासाभरात नीट करून देतो."

"कळवतो मी," साहेब म्हणाला.

"कुणाला कळवता? मी इथे उभा आहे ना."

साहेब घड्याळ बघत निघून गेला. हानुस पाच मिनिटं त्या छपराकडे बघत उभा राहिला. शिडी समोरच्या भिंतीला टेकवलेली होती, आणि तिला हात लावायची सोय नव्हती. सकाळपासून त्याला काहीतरी टोचत होतं, ते काय ते इथे लक्षात आलं. त्याचे हात खिशात होते. उठल्यापासून दुपारपर्यंत हात खिशात, असा दिवस त्याच्या आयुष्यात उगवला नव्हता. अगदी बायको गेली त्या दिवशीसुद्धा त्याने संध्याकाळी मेंढ्या मोजल्या होत्या.

मग तो लाल बसमध्ये बसला. गावातल्या बसला पैसे पडत नाहीत, हे त्याला चांगलं वाटलं. पण कुठे उतरायचं ते ठरलेलं नसल्यामुळे तो उतरलाच नाही. तीच दुकानं, तीच शाळा, तोच सिग्नल पुन्हा आला, तेव्हा ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "कुठे जायचंय काका?"

"चार वाजता जायचंय," हानुस म्हणाला.

एक वाजता जुन्या किल्ल्यावर, तोफांच्या शेजारी बसून त्याने पिशवीतली भाकरी आणि वाळलेलं मटण काढलं. समोर नोल्सोयचं बेट दिसत होतं. बेटाकडे बघितल्यावर त्याला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं. सबंध शहरात आवडलं काय, तर समुद्रापलीकडचं बेट! तोंडात घास असतानाच फोन वाजला. मालान होती.

"काय रे, सिग्नलवर उभा राहून कुणाशी भांडलास?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ज्या बाईने तुला मेंढी म्हटलं ना, ती माझ्या जावेची मैत्रीण आहे. आणि बागेतली झाडं कापायला का निघाला होतास?"

"मी नुसतं विचारलं."

"नुसतं विचारू नकोस. गप्प हिंड. मला क्लाक्सविकला बसून कळतंय, तर त्या बेकरीत काय काय पोचलं असेल!"

हानुसने फोन बंद केला. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. जो माणूस सकाळभर शहराला नावं ठेवत हिंडला, तो चार वाजता "मला हावन फार आवडलं" म्हणणार, आणि ती ऐकून घेणार? उरलेली भाकरी त्याने समुद्रपक्ष्यांना टाकली. त्यानंतरचे दोन तास तो तोंडावर हसू आणून हिंडला. जे दिसेल त्याची मोठ्याने स्तुती केली. एका दुकानातल्या सरकत्या जिन्याचीही केली. लोक त्याच्याकडे सकाळपेक्षा जास्त बघायला लागले.

साडेतीनला पाऊस जोरात आला आणि त्याने ठरवलं, अर्धा तास आधी गेलो तर काय बिघडणार आहे? सुन्नेवाने घराची खूण सांगितली होती: जुन्या वस्तीत, काळं घर, लाल खिडक्या, छपरावर गवत. आता जुन्या वस्तीत काळं नाही, खिडक्या लाल नाहीत आणि छपरावर गवत नाही असं घर शोधायला गेलात तर दिवस जाईल. घराचा नंबर विचारायचं हानुसच्या डोक्यातही आलं नव्हतं. स्वीनोयवर घरांना नंबर नसतात. बोळात एक माणूस भिंतीला डांबर फासत होता, त्याला विचारलं, "बेकरीतल्या सुन्नेवाचं घर?" त्याने दोन्ही हात डांबराचे म्हणून हनुवटीने दाखवलं. हनुवटीच्या दिशेला दोन घरं होती. हानुसने जवळचं घेतलं.

दार ठोठावायचा प्रश्नच नव्हता. दार ठोठावतात ते पोलीस आणि परके. तो आत शिरला, बूट काढले, ओला कोट खुंटीला लावला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. टेबलाशी एक म्हातारी बसली होती, चौऱ्याऐंशीची तरी असेल. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. नजर कमरेच्या सुरीवर येऊन थांबली आणि चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"आलास? बस. आधी कॉफी घे."

आल्यागेल्याला कॉफी पोटात जायच्या आत तू कोण म्हणून विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि ज्याच्या घरात बसलो त्याला तुम्ही कोण म्हणून विचारणं तर त्याहून वाईट. हानुसने मनाशी म्हटलं, सुन्नेवाची कुणीतरी मावशी असेल, मला बघायला आणून बसवली आहे. त्याने पाठ ताठ केली.

"उत्तरेकडचा ना तू?" म्हातारीने विचारलं.

"हो मावशी. स्वीनोयचा."

"बेर्गुर म्हणालाच होता, उत्तरेकडचा माणूस येईल गुरुवारी."

बेर्गुर कोण हे हानुसला माहीत नव्हतं. पण या बेटांवर प्रत्येक घरात एखादा बेर्गुर असतोच. असेल सुन्नेवाचा भाऊ नाहीतर दीर. सगळ्या खानदानात आपली चर्चा झालेली दिसते, असं त्याला वाटलं. त्याने दबकत विचारलं, "ती... आली नाही का अजून?"

"येतील सगळ्या. वजडी धुवायला बायका लागतातच. त्या आपापल्या कामांतून सुटल्या की येतील, आपलं काम का थांबवायचं? कप रिकामा झाला ना? चल खाली."

सगळ्या येणार आहेत, हे ऐकून हानुसने घाईघाईने केस सारखे केले. तो तिच्या मागून तळघरात उतरला आणि उतरल्याबरोबर केसांचं विसरला. समोर आकड्यांना पाच सोललेल्या मेंढ्या टांगल्या होत्या. ऑक्टोबर महिना. घरोघर हेच चाललेलं असतं. हावनातही चालतं हे मात्र त्याला माहीत नव्हतं.

"फाडून, धुऊन, मागच्या खोलीत टांगायच्यात," म्हातारी म्हणाली. "जमेल ना? की नुसताच सुरी लावून हिंडतोस?"

अच्छा, म्हणजे ही खरी परीक्षा! हानुसला सुन्नेवाचं विलक्षण कौतुक वाटलं. शहर बघ, बाग बघ म्हणाली ती नुसती हूल होती तर. माणूस बघावा तर असा कामाला लावून बघावा. त्याने चांगला स्वेटर उतरवला, शर्टाच्या बाह्या वर केल्या. म्हातारीने कुठूनसा आपल्या मेलेल्या नवऱ्याचा रबरी एप्रन आणून त्याच्या गळ्यात घातला, आणि हानुसचे हात खिशातून बाहेर पडले.

काम म्हणजे काय सुरेख केलं त्याने! पाठीच्या कण्यावरून सुरी अशी उतरायची की हाडाला खरचटल्याचा आवाज येऊ नये. पुढचे पाय वेगळे, मागच्या मांड्या वेगळ्या. मग एकेक अर्धं धड खांद्यावर टाकून मागच्या अंगणात. तिथे फटीफटीच्या फळ्यांची खोली होती. वाऱ्याने आरपार जावं आणि जाता जाता मटण वाळवावं, यासाठीच बांधलेली. हानुसने फटींना हात लावून वारा बघितला, एक फळी उलट्या बाजूने ठोकलेली आढळली, ती उखडून सुलट ठोकली. इथे त्याला कुणी "कळवतो" म्हणालं नाही.

म्हातारी जिन्याच्या पायरीवर बसून कलेजीच्या शिरा काढत होती. नाव एल्स्पा, हे दुसऱ्या मेंढीपर्यंत कळलं होतं. तिसऱ्या मेंढीला तिने विचारलं, "हिंडलास का गावात? कसं वाटलं?"

हानुसने घोकलेलं वाक्य जिभेवर आणलं. "मला हावन फार आवडलं. इथे..."

"कशाला थापा मारतोस?" एल्स्पा म्हणाली. "तो बाजारपेठेतला सिग्नल आवडला तुला?"

"तो कुणालाच आवडणार नाही!"

"कोपऱ्यात उभं राहून मरायची पाळी येते. आणि बागेत गेला होतास?"

"मावशी, तिथे समुद्रच दिसत नाही हो."

"तेच म्हणते मी साठ वर्षं! काळोख नुसता!"

झालं. बांध फुटला. सरकारी छपरावरचं गवत, रस्त्यावरून वर न बघणारी माणसं, सरकता जिना, कसली ती मासळीची दुकानं, हल्लीची मऊ भाकरी. हानुसने एक म्हणावं आणि एल्स्पाने त्यावर दोन सांगावीत. तो खरंतर चकित झाला होता. त्याला वाटत होतं, हावनला नावं ठेवणं हा बाहेरच्यांचा उद्योग आहे. एल्स्पाचा तर तो नित्याचा विरंगुळा दिसत होता, आणि डांबरवाल्यानेही मध्ये कुंपणावरून डोकावून नगरपालिकेबद्दल चार शब्द ऐकवले. शहराची निंदा करत, हसत, रक्ताने कोपरापर्यंत माखत हानुसने चौथी मेंढी फाडली. इतका मजेत तो कित्येक महिन्यांत नव्हता. चार कधी वाजले, पाच कधी वाजले, त्याने बघितलंही नाही. ती येईल तेव्हा येईल, काम तर होऊ दे.

साडेसहाच्या सुमाराला वर दार उघडल्याचा आवाज झाला. पावलं स्वयंपाकघरात आली. एल्स्पा घमेलं घेऊन वर गेली होती, आणि तळघराचं दार उघडंच होतं.

"एल्स्पाबाई, माझ्या मांजराला दोन दिवस दूध घाला." आवाज सुन्नेवाचा होता. हानुसची सुरी थांबली. "मी सातच्या बसने निघालेय."

"आत्ता? कुठे?"

"आज क्लाक्सविकला, उद्या सकाळच्या बोटीने स्वीनोयला."

"ऑक्टोबरात? स्वीनोयला काय आहे?"

"एक गाढव आहे," सुन्नेवा म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "सकाळपासून गावात होता. गिऱ्हाइकं येऊन सांगत होती, सिग्नलवर भांडला, झाडांवर रागावला, दोन वेळा बसमधून फिरला. मला हसू आवरेना. चारला येईल म्हणून मी टेबल मांडून बसले. साडेचार झाले, पाच झाले, सहा झाले. आला नाही. मागेपुढे नाचणार नाही म्हटलं होतं, म्हणून मी फोनही केला नाही. आवडलं नाही म्हणून तोंड न दाखवताच गेला. आणि बरोबरच आहे त्याचं. मीच मोठी मास्तरीण होऊन परीक्षा घ्यायला बसले होते."

"मग आता तिकडे जाऊन काय करणार?"

"ते मला नाही माहीत. अडीच तास त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि कळलं, की त्याला गाव आवडलं की नाही याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला तो यायला हवा होता, एवढंच. तीस माणसं राहतात ना तिथे? एकतिसावी मी गेले तर बेट काही कलंडणार नाही."

हानुस जिन्याच्या तळाशी उभा होता. दोन वर्षं फोनवर ऐकलेला आवाज, पण असा त्याने कधी ऐकला नव्हता. तो तसाच वर आला. एप्रन, उघडे हात, कोपरापर्यंत रक्त, केसांत चरबी.

"गाढव इथे आहे," तो म्हणाला.

सुन्नेवाच्या अंगात कोट होता, डोक्याला रुमाल, हातात बॅग. ती बॅग तिने तशीच सोडली. "तू... इथे काय करतोयस?"

"तुझ्याच घरात तर आहे. साडेतीनपासून. तूच कुठे होतीस?"

"माझं घर शेजारचं आहे रे!"

हानुसने एल्स्पाकडे बघितलं. एल्स्पाने हानुसकडे बघितलं. "म्हणजे बेर्गुरने तुला पाठवलं नाही?" ती म्हणाली. "माझा मुलगा गं, बोटीवर आहे, तो म्हणाला होता मेंढ्या फाडायला माणूस पाठवतो. तरीच! पाच वाजता कुणीतरी फोन करून सांगत होता, मला आज यायला जमत नाही. मी म्हटलं, बाबा, तू खालीच तर आहेस, तिथून फोन कशाला करतोस?"

सुन्नेवा आधी हसली. मग एल्स्पा. हसता हसता सुन्नेवाला रडू आलं आणि ती जवळच्या खुर्चीत बसली. हानुसला जवळ जायचं होतं, पण हात रक्ताचे. तो मधोमध अवघडून उभा राहिला.

"आता खरं सांग," सुन्नेवा डोळे पुसत म्हणाली. "अजून ऐकायचंय मला."

"खरं सांगतो. मी एक वाक्य पाठ करून आणलं होतं, पण ते या मावशींनीच हाणून पाडलं. साडेतीनपर्यंत मला तुझं गाव मुळीच आवडलं नाही, सुन्नेवा. एकही गोष्ट आवडली नाही. पळून जावंसं वाटत होतं."

"आणि साडेतीननंतर?"

"साडेतीननंतर आवडतं का नाही हे बघायचं राहूनच गेलं. हात गुंतले होते."

सुन्नेवाने डोक्याचा रुमाल सोडला. हानुसने धीर केला. "हिवाळा इथे काढीन म्हणतो. कामं पुष्कळ आहेत. या घराची फळी उलटी होती, पलीकडच्या घरांचीपण असणार. मे महिन्यात मात्र मेंढ्या वितात, तेव्हा मला तिकडे असलंच पाहिजे. तेवढं भाच्यावर सोडवत नाही."

"सोडू नकोस. मे महिन्यात मी रजा काढीन."

"गुदमरशील."

"मग ओरडून सांगेन. तूपण ओरडायचंस. गावाला वाटेल ती नावं ठेव, रोज ठेव, पण माझ्याकडे तोंड करून ठेव. चालेल?"

"चालेल," हानुस म्हणाला. "रोज ठेवीन."

"झालं का तुमचं?" एल्स्पाने विचारलं. "माझ्या मेंढ्या कुणाच्याही लग्नासाठी थांबायच्या नाहीत. एक राहिली आहे."

सुन्नेवाने कोट काढून खुंटीला लावला, बॅग पायाने टेबलाखाली सरकवली, बाह्या वर केल्या आणि हात पुढे केला. हानुसला वाटलं सुरी मागते आहे, म्हणून त्याने सुरी मुठीकडून तिच्या हातात दिली. तिने ती टेबलावर ठेवली, त्याचा रक्ताने चिकट झालेला हात तसाच घट्ट धरला, आणि त्याला घेऊन तळघराचा जिना उतरायला लागली.